न दुखणाऱ्या अवयवांची तपासणी

मधुमेहामुळे शरीरभर होऊ शकणाऱ्या गुंतागुंतींची एकाच दिवसात तपासणी करून देणारी सेवा मी घेतली, त्याला आता चार महिने होऊन गेले. परीक्षण लिहायला इतका उशीर मुद्दामच केला. त्या दिवशी हाती पडलेल्या अहवालातला एक आकडा कायमचा आहे की तात्पुरता, हे ठरायला तेवढा काळ जावा लागणार होता, आणि ते ठरण्याआधी या सेवेला बरे किंवा वाईट म्हणणे मला योग्य वाटले नाही. केंद्राचे नाव मी देत नाही. तिथे जे आवडले ते अशा कोणत्याही केंद्रात मिळायला हवे, आणि जे खटकले ते, माझा अंदाज आहे, इतरही अनेकांना आपापल्या ठिकाणी खटकले असेल.

मला मधुमेह असल्याचे कळून बारा वर्षे झाली. गोळ्या चालू आहेत, इन्सुलिन अजून नाही. या बारा वर्षांत मी साखरेचा हिशेब अगदी इमानाने ठेवला. उपाशीपोटी किती, जेवणानंतर किती, तीन महिन्यांची सरासरी किती, हे सारे वहीत तारखेनिशी लिहिलेले आहे. मात्र ही वही चाळून माझे डोळे कसे आहेत, मूत्रपिंडे कशी आहेत किंवा तळपायाला स्पर्श कळतो की नाही, यातले काहीही सांगता येणार नाही. दुखत नव्हते म्हणून पाहिले नव्हते. या सेवेची खरी किंमत तिथेच आहे, कारण मधुमेहाची बहुतेक जुनी दुखणी सुरुवातीची अनेक वर्षे दुखतच नाहीत.

दिवसाची सुरुवात एका लांबलचक प्रश्नावलीने आणि रक्त-लघवीच्या नमुन्यांनी झाली. एचबीए१सी ७.४ टक्के आले. लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्या काळात रक्तात जितकी साखर असेल तितकी ती त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते, म्हणून या एका आकड्यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो, एवढे मला माहीत होते. "सातच्या जवळच आहे की," असे मी समुपदेशक बाईंना काहीशा बेफिकिरीने म्हणालो. त्यांनी वाद घातला नाही. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू होऊन वीस वर्षे चाललेल्या, पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात, हा आकडा एक टक्क्याने कमी असलेल्यांमध्ये डोळे, मूत्रपिंडे यांसारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती ३७ टक्क्यांनी कमी आढळल्या, हे त्यांनी शांतपणे सांगितले आणि लगेच पुढे जोडले की त्याच अभ्यासात रक्तदाब आटोक्यात ठेवण्याचाही मोठा फायदा दिसला होता. साखरेखालोखाल रक्तदाबाची वही का ठेवत नाही, हा त्यांचा प्रश्न मला निरुत्तर करून गेला. समुपदेशन म्हणजे पत्रके हातात कोंबणे, असा माझा ग्रह होता. तो इथे खोटा ठरला.

नेत्रविभागात आधी अक्षरांचा तक्ता वाचून घेतला. दोन्ही डोळ्यांची दृष्टी चष्म्यासह ६/६ निघाली आणि मी मनातल्या मनात हा विभाग संपवूनही टाकला. त्यानंतर बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले गेले, अर्धा तास बसवून ठेवले आणि मग दृष्टिपटलाची, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याची, छायाचित्रे घेतली. पडद्यावर माझाच डावा डोळा आतून नारिंगी रंगाचा दिसत होता, त्यावर रक्तवाहिन्यांच्या फांद्या पसरलेल्या होत्या, आणि एका फांदीच्या टोकापाशी टाचणीच्या टोकाएवढे दोन-तीन लाल ठिपके होते. हे केशवाहिन्यांचे फुगवटे. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने या अतिसूक्ष्म नळ्यांच्या भिंती कमकुवत होतात, त्यांना असे फुगे येतात, त्यांतून पाणी आणि चरबी झिरपते. पुढे काही नळ्या बंद पडल्या की उपाशी पडलेले दृष्टिपटल नव्या रक्तवाहिन्या उगवून घेते, पण त्या इतक्या नाजूक असतात की एखाद्या दिवशी फुटून डोळ्यात रक्त उतरते. मधल्या काळात दृष्टिपटलाच्या नेमक्या केंद्राला सूज आली, तर वाचन आणि चेहरे ओळखणे आधी जाते. माझी अवस्था यातली अगदी पहिली होती आणि तिला साखर-रक्तदाब सांभाळण्यापलीकडे उपचार लागत नव्हते. नंतरच्या अवस्थांसाठी लेझर आणि डोळ्यात द्यायची इंजेक्शने आहेत, पण ती राहिलेली दृष्टी वाचवण्यात अधिक यशस्वी असतात, गेलेली परत आणण्यात तेवढी नाहीत, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले. तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यात ते ठिपके होते, ही गोष्ट मी अजून विसरलेलो नाही.

त्यांनी आणखी एक महत्त्वाची सूचना दिली, जी मी आधी कुठे ऐकली नव्हती. खूप वाढलेले एचबीए१सी झपाट्याने खाली आणले, तर दृष्टिपटलाचा विकार काही काळ उलट बळावू शकतो. म्हणून उपचारात मोठा बदल होणार असेल तेव्हा डोळे आधी तपासून घ्यावेत. साखर उतरवू नका, असा याचा अर्थ नाही. नजर ठेवून उतरवा, एवढाच आहे.

तक्रार आहे ती व्यवस्थेची. थेंबांमुळे पुढचे काही तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही, हे आदल्या दिवशीच्या संदेशात कुठेही नव्हते. सोबत कोणाला तरी आणा, गाडी चालवू नका, काळा चष्मा ठेवा, ही तीन वाक्ये लिहायला किती वेळ लागतो? त्याहून कमाल म्हणजे थेंब घातल्यावर तासाभराने पुढच्या खोलीत माझ्या हाती बारीक टायपातले संमतिपत्र देऊन सही मागण्यात आली. सुदैवाने पत्नी सोबत होती. तिने ते मोठ्याने वाचून दाखवले आणि मगच मी सही केली. ज्यांच्यासोबत कोणी नव्हते, ते न वाचताच सही करताना मला दिसले, म्हणजे धूसर दिसले.

पायांची तपासणी हा या सेवेचा सर्वांत उजवा भाग. एका अनुभवी परिचारिकेने पहिल्यांदा दोन्ही मोजे काढायला लावले आणि पायांकडे पाहण्याआधी मोजेच उलटे करून उजेडात धरले. का, असे विचारल्यावर म्हणाल्या, "जखम तुम्हाला कळली नसली, तरी मोज्याला कळलेली असते." मग त्यांनी बुटांत हात घालून आतला तळ बोटांनी चाचपला. संवेदना गेलेल्या पायाखाली एखादा खडा दिवसभर राहिला, तरी माणूस खुशाल चालत राहतो, आणि संध्याकाळी तिथे फोड असतो. यानंतर बोटांच्या बेचक्या, टाचांच्या भेगा, नखांच्या कडा आणि तळव्यावरचे घट्टे पाहून झाले. घट्टा म्हणजे त्या जागी दाब जास्त पडतो आहे याची खूण, आणि त्याच्याखाली जखम लपून राहू शकते. तो घरी ब्लेडने कापायचा नाही, त्यावर औषधी पट्टी लावायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावले.

मग नायलॉनच्या धाग्याची चाचणी. काडीच्या टोकाला बसवलेला हा धागा १० ग्रॅम दाबाला वाकेल असा बनवलेला असतो. "डोळे मिटा, लागले की 'हो' म्हणा." मी 'हो', 'हो' म्हणत गेलो. मध्ये थोडा वेळ शांतता झाली. मला वाटले, त्या काही लिहून घेत असाव्यात. डोळे उघडले तेव्हा उजव्या अंगठ्याच्या तळाशी तो धागा धनुष्यासारखा वाकलेला होता आणि पत्नी माझ्या तोंडाकडे पाहत होती. त्या जागी मला काहीच लागले नव्हते. १२८ हर्ट्झचा नादकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवल्यावर कंपनेही उजवीकडे लवकर विरली. पायाला मुंग्या नाहीत, आग होत नाही, जळजळ नाही, म्हणून माझे चेतातंतू उत्तम आहेत असे मी धरून चाललो होतो. चेतातंतूंचा विकार काहींना रात्रीची झोप उडवणाऱ्या वेदना देतो आणि काहींचे दुखणेच काढून घेतो. दुसरा प्रकार अधिक घातक, कारण वेदना ही पायाची राखणदार आहे.

इथल्या डॉक्टरांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. बधिरपणा दिसताच त्याचे खापर थेट मधुमेहावर न फोडता त्यांनी ब जीवनसत्त्व १२ची तपासणी जोडली, कारण मी बारा वर्षे घेत असलेल्या मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीमुळे त्याची कमतरता होऊ शकते आणि त्या कमतरतेनेही चेतातंतू बिघडतात. माझी पातळी कमी निघाली. उपचार सुरू आहेत, आणि बधिरपणातला किती वाटा कोणाचा, हे पुढच्या तपासणीत थोडेफार कळेल. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढले, ते १.१ आले, म्हणजे पायापर्यंत रक्त नीट पोहोचते आहे. ०.९च्या खाली गेले, तर रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचा संशय घेतात. पण मधुमेहात त्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचून त्या कडक होतात आणि आकडा फसवा, चांगला किंवा वाजवीपेक्षा जास्त येऊ शकतो, म्हणून त्यांनी हाताने नाडीही चाचपली. बधिर पाय आणि कमी रक्त या दोन गोष्टी एकत्र आल्या की साध्या खरचटण्याचे चिघळणे, चिघळण्याचे संसर्गात आणि संसर्गाचे पाय कापण्यात रूपांतर होते. आणि पाय एकाएकी गरम, लाल, सुजलेला झाला, पण फारसा दुखत नसला, तर त्याच दिवशी यायचे, असे त्यांनी बजावले. बधिर पायातली हाडे न कळत मोडून सांधा ढासळण्याचा तो विकार असू शकतो. शार्को या फ्रेंच डॉक्टरने १८६८ साली दुसऱ्या एका चेताविकारात तशा सांध्यांचे वर्णन केले होते, म्हणून आजही त्याला शार्कोचा पाय म्हणतात.

या एका खोलीसाठी मी पुन्हा तिथे जाईन.

हृदयाचा विभाग ठाकठीक होता, त्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. हृदयविकार आणि पक्षाघात हे मधुमेहातील मृत्यूंचे मोठे कारण असल्याने विद्युत-आलेख (ईसीजी), कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपान यांची विचारणा झाली आणि स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, चालू ठेवायला सांगितले. लक्षात राहिले ते हे की चेतातंतू बिघडलेल्या मधुमेहीला हृदयविकाराचा झटका छातीत कळ न येताही येऊ शकतो. नुसता दम लागणे, घाम फुटणे किंवा कारण नसताना गळून जाणे एवढ्यावरच तो निभावतो, आणि माणूस पित्त झाले असेल म्हणून घरी बसतो.

त्याला लागूनच, न सांगता चालणाऱ्या कामांच्या चेतातंतूंची तपासणी होती. आडवे असताना रक्तदाब १३८/८२, उभे राहून तीन मिनिटांनी १२४/७८. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरला असता, तर उठताना भोवळ येणे आणि पडणे या धोक्याची ती खूण ठरली असती. जठर रिकामे व्हायला वेळ लागतो का, लघवी पूर्ण होते का, साखर उतरल्यावर थरथर, घाम, धडधड अजून जाणवते का, हे प्रश्नही नेमके होते. साखर उतरल्याची सूचनाच शरीर देईनासे झाले, तर माणूस थेट बेशुद्ध होऊ शकतो. मात्र लैंगिक तक्रारींविषयीचा प्रश्न एका पातळ पडद्याआडून, पलीकडे चार माणसे बसलेली असताना, खणखणीत आवाजात विचारला गेला. पुरुषांमधली ही अडचण मधुमेहात अतिशय सर्रास असते आणि कधी कधी ती हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराची आगाऊ सूचना असते, म्हणून प्रश्न आवश्यकच आहे. पण अशा परिस्थितीत त्याचे खरे उत्तर कोण देईल? मी दिले नाही. पलीकडच्या गृहस्थांनीही दिले नसावे, कारण त्यांचे 'नाही' प्रश्न पूर्ण होण्याआधीच आले.

आता त्या आकड्याविषयी. संध्याकाळी सातच्या सुमारास मोबाइलवर अहवाल आला. लघवीतील अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन): एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे (लघवीतून जाणारा एक टाकाऊ पदार्थ) ६४ मिलिग्रॅम. आकडा लाल रंगात आणि त्यापुढे वर जाणारा बाण. ३०च्या खाली असायला हवे, एवढे त्याच कागदावरून कळले. यापलीकडे एक शब्द नाही. सकाळी डोळ्यातले ठिपके पाहिले होते, त्यामुळे मला तो बाण एखाद्या निकालपत्रासारखा वाटला आणि ती रात्र मी डायलिसिसच्या विचारात काढली. दुसऱ्या दिवशी दूरध्वनी केला, तर "डॉक्टरांना दाखवून घ्या" एवढेच उत्तर मिळाले. भेट मिळाली ती सहा दिवसांनी.

त्या भेटीत डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, की तपासणीच्या सुमारास ताप होता का. होता, दोन दिवस आधी. ताप, संसर्ग, जोरदार व्यायाम किंवा खूप वाढलेली साखर यांमुळे लघवीतले अल्ब्युमिन तात्पुरते वाढते, आणि म्हणून तीन ते सहा महिन्यांत घेतलेल्या तीनपैकी दोन नमुन्यांत ते जास्त आले, तरच मूत्रपिंडांवर परिणाम झाल्याचे मानतात. मूत्रपिंडांची गाळणक्षमता माझ्या बाबतीत ८१ होती, म्हणजे चिंतेची नव्हती. ती ६०च्या खाली तीन महिने राहिली, तर जुना मूत्रपिंडविकार म्हणतात. मात्र गाळण टिकून असतानाच अल्ब्युमिन झिरपू लागते, म्हणूनच ही साधी लघवीची चाचणी इतकी मोलाची, कारण त्या अवस्थेत रक्तदाबाच्या काही विशिष्ट औषधांनी आणि लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्यांनी मूत्रपिंडांचा ऱ्हास खरोखर मंदावतो. हे सारे त्यांनी पाच मिनिटांत, कागदावर चाळणीचे चित्र काढून सांगितले. हीच पाच मिनिटे त्या संध्याकाळी अहवालाबरोबर चार ओळींत लिहून आली असती, तर सहा दिवसांची झोप वाचली असती. आणि पन्नासेक प्रश्नांच्या त्या प्रश्नावलीत तापाचा प्रश्न नव्हता, हे तर अक्षम्य.

याच भेटीत सेवेतला मूळ दोष उघडा पडला. डॉक्टरांच्या समोरच्या धारिकेत माझ्या डोळ्यांचा अहवाल नव्हताच, तो नेत्रविभागाच्या संगणकात होता. मी सांगितल्यावर त्यांनी तो मागवला, कारण दृष्टिपटल आणि मूत्रपिंड या दोन्हींत मधुमेह सूक्ष्म रक्तवाहिन्यांवरच घाला घालतो आणि एकाची अवस्था दुसऱ्याचा अर्थ लावायला मदत करते. डोळे अगदी स्वच्छ असताना लघवीत अल्ब्युमिन जात असेल, तर मूत्रपिंडाचे दुसरे काही दुखणे आहे का, हेही पाहावे लागते. रोग एक, शरीर एक, आणि ते जोडून पाहण्याचे काम रुग्णाच्या स्मरणशक्तीवर सोडलेले. सगळ्या खोल्या एका छपराखाली आणणे हा सेवेचा निम्मा भाग झाला. त्या खोल्यांनी एकमेकींशी बोलणे हा उरलेला निम्मा, आणि तो इथे गैरहजर आहे.

काही अवयव तर यादीतच नव्हते. तोंड कोणी उघडायला सांगितले नाही, वास्तविक हिरड्यांचा विकार मधुमेहात बळावतो आणि बळावलेल्या हिरड्या उलट साखर चढवतात. माझ्या उजव्या हाताची अनामिका गेले वर्षभर सकाळी अडकते आणि टचकन आवाज करून सुटते. ती मी स्वतःहून दाखवली, तेव्हा हेही मधुमेहींमध्ये अधिक दिसते, तसाच खांदा आखडण्याचा त्रासही, असे उत्तर मिळाले. मी वर्षभर त्या बोटाचा दोष भाजी चिरण्याला देत होतो. मनाची चौकशी एका प्रश्नावर आटोपली, "उदास वाटते का?" आणि त्याला हो म्हणणारा माणूस पुढे कुठल्या खोलीत जातो, हे फलकावर दिसले नाही.

तरीही पाच वर्षांहून अधिक काळ मधुमेह असलेल्या आणि फक्त साखरच मोजत आलेल्या कोणालाही मी ही सेवा घ्यायला सांगेन. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात तर निदान झाल्यावर लगेच, कारण तो कळण्याआधी काही वर्षे मुक्काम ठोकून असू शकतो. जाताना सोबत माणूस न्यावा, आधीचे सर्व अहवाल एका धारिकेत न्यावेत, ताप असेल तर लघवीची तपासणी पुढे ढकलावी आणि अहवाल समजावून देण्याची वेळ पैसे भरण्याआधीच निश्चित करून घ्यावी. लेखी तक्रारीत मी प्रश्नावली, संमतिपत्र, पडदा आणि अहवालासोबतच्या चार ओळी, अशा चारही गोष्टी लिहिल्या. पोच आली, उत्तर नाही.

दुसरा नमुना सहा आठवड्यांनी दिला, तो २७ आला. तिसरा गेल्या आठवड्यात दिला, तो १९. या वेळी डबी हातात देण्याआधी खिडकीतल्या मुलीने विचारले, "गेल्या दोन-तीन दिवसांत ताप आला होता का?"